दाराला टेकून

तिला ऑफिसात सगळे गाळणी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. परदेशी नोकरीला निघालेल्या लोकांची इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणं हे तिचं काम होतं. दुसऱ्या मजल्यावर ओळीनं बारक्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक रेकॉर्डर आणि झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. समोरचा माणूस स्वतःचं बोलतोय की क्लासमध्ये घोकलेलं ओकतोय, हे तिच्याइतकं झटकन कुणाला कळत नसे. घोकलेलं तिच्यातून खाली उतरत नसे, म्हणून गाळणी.

तिचं सगळं लक्ष इंग्रजीतल्या चिमुकल्या शब्दांवर असायचं. इन, ऑन, ॲट, बाय, विथ. व्याकरणात त्यांना भारदस्त नाव आहे, पण ऑफिसात सगळे त्यांना चिल्लर म्हणत. मोठे शब्द कुणीही पाठ करतो, ती म्हणायची, माणूस उघडा पडतो तो चिल्लर मोजताना. आपण नवऱ्यावर रागावतो, म्हणून इंग्रजीतही 'अँग्री ऑन माय हजबंड' होऊन बसतो. आपलं लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून 'मॅरीड विथ'. मनातलं सांगायला निघालं की आधी मराठी धावत येते आणि इंग्रजीच्या अंगावर आपला प्रत्यय चढवून जाते. कानाला ते अनैसर्गिक लागतं, त्याचे गुणही जातात. पण गाळणीच्या लेखी ती चूक म्हणजे माणूस जागा असल्याची खूण होती. क्लासमधून आलेल्या उत्तरात अशी चूक सापडत नाही. तिथल्या सरांनी एकूण एक अव्यय घासूनपुसून लखलखीत करून दिलेलं असतं.

परीक्षेचे नियम दोनच, पण कडक. उत्तर पाठ केलेलं निघालं तर गुण एका मर्यादेच्या वर द्यायचे नाहीत. आणि उमेदवार काय सांगतो याला गुण नाहीत, कसं सांगतो याला आहेत. त्याची आजी वारो नाहीतर त्याला बढती मिळो, आपला चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवायचा. आज्या तर फारच वारायच्या. कुठल्याशा क्लासनं ती हुकमी गोष्ट बसवून घेतली होती, आणि एका हंगामात इतक्या आज्या वारल्या की शेजारच्या खोलीतले काका म्हणाले, "साथ आलेली दिसते." काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने परीक्षक. गाळणीनं घेतलेल्या परीक्षांचं रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा ऐकून सही करायचं काम त्यांच्याकडे होतं.

त्या दिवशी सकाळच्या पाळीत ती नर्स आली. तिशीतली बाई, केस घट्ट बांधलेले, सँडलचा पट्टा नव्यानं शिवलेला. आधी नेहमीचे सोपे प्रश्न. कुठे राहता, काय करता, घरी कोण कोण. नर्स लगेचच अडखळायला लागली. शहरात राहते म्हणायला तिनं 'ॲट' वापरलं. वॉर्डात काम करते म्हणताना 'ऑन' म्हणाली, मग 'इन', मग परत 'ऑन'. मुलगी नणंदेकडे असते हे तिनं 'स्टेइंग टू माय सिस्टर-इन-लॉ' असं सांगितलं. 'कडे'ला इंग्रजीत काय म्हणावं हे तिला सापडेना, तेव्हा हाती लागला तो शब्द तिनं लावून टाकला. गाळणीनं कागदावर एक बारीक रेघ मारली. अशा रेघा भराभर वाढत गेल्या.

पण सांगणं कळत होतं. नणंद परदेशात होती. नवरा गेल्यावर नर्सवर कोर्टकचेरीची वेळ आली, म्हणून मुलीला तिनं काही दिवसांसाठी तिकडे धाडलं. काही दिवसांची वर्षं झाली. आता तिथल्या एका वृद्धाश्रमानं नर्सला नोकरी देऊ केली होती, लेखी परीक्षाही झाली होती, फक्त ही तोंडी राहिली होती. यंदा पास झाली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार. "माझी मुलगी गेली तेव्हा मांडीवर मावत होती," ती म्हणाली. ते वाक्यही इंग्रजीत वेडंवाकडंच पडलं. गाळणीनं मान डोलावली. या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी यंदावर अडकलेलं असायचं.

मग तिनं कार्ड पुढे केलं. 'तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी घटना सांगा.' विचार करायला थोडा वेळ आणि टिपायला पेन्सिल मिळते. नर्सनं पेन्सिलीला हात लावला नाही. तिनं पाठ ताठ केली, दोन्ही पंजे टेबलाच्या कडेवर ठेवले आणि रेकॉर्डरकडे बघत बोलायला लागली.

तिचा नवरा एका कंपनीच्या शीतगृहात रात्रपाळी करायचा. गोठवलेल्या मालाची खोकी रचायची, उतरवायची. एका सकाळी तो घरी आला नाही, म्हणून ती बघायला गेली. खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एकानं दार उघडलं. नवरा आतून दाराला टेकून होता. दार उघडल्याबरोबर तो बाहेर आला आणि तिच्या पायांवर पडला.

गाळणीचे कान टवकारले ते 'टेकून'पाशी. नर्स म्हणाली होती, 'लीनिंग अगेन्स्ट द डोअर'. अगेन्स्ट. आपल्या माणसाला तिथे हा शब्द सुचतच नाही. आपल्याकडे अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध, ते निवडणुकीत आणि क्रिकेटमध्ये. दाराला टेकलेला माणूस सांगायला लोक 'टू' म्हणतात, 'ऑन' म्हणतात, नाहीतर सरळ 'निअर' म्हणून मोकळे होतात. आणि ही बाई, जिला 'नणंदेकडे' म्हणता येत नव्हतं, ती 'अगेन्स्ट' म्हणत होती. 'ऑन द इनसाइड' म्हणत होती. 'बाय द हँडल' म्हणत होती. बरणीवर झाकण बसावं तसा एकेक शब्द आपापल्या जागी बसत होता.

अशा वेळी गाळणीचा एक ठरलेला डाव असायचा. तिरका प्रश्न टाकायचा. पाठ करून आलेल्या माणसाला रस्त्यावरून ढकललं की तो शेतात पडतो.

"दार कोणत्या रंगाचं होतं?" तिनं विचारलं.

"बाहेरून राखाडी, मॅडम. आतून पांढरं."

"आतल्या बाजूला कडी होती?"

"दांडा होता. कमरेच्या उंचीवर. त्याच्यावर बर्फ होता."

"तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

"मुलीला हाताला धरलं होतं," नर्स म्हणाली, आणि इंग्रजीत ते 'बाय द हँड' असं म्हणाली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

गाळणीनं मनातल्या मनात त्या क्लासवाल्याला हात जोडले. नवरा मारला, बर्फ घातला, मुलीलासुद्धा आणून उभं केलं. पूर्वी निदान आज्यांवर भागायचं. नर्स रडली नाही, थांबली नाही, तिचा आवाजही हलला नाही. बोलणं संपल्यावर मात्र तिनं ग्लासावरचं झाकण काढलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. त्या खोलीत सहसा कुणी पाणी पीत नसे. ती गेल्यावर गाळणीनं शेऱ्याच्या चौकटीत 'पाठ' असं लिहिलं.

दुपारी काकांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि हेडफोन गळ्यात तसाच ठेवून तिच्या खोलीत आले.

"अगं, हे खरं असलं तर?"

"काका, सुरुवातीचं ऐकलंत ना? साधं 'राहते' म्हणताना ठेचकाळत होती. आणि मेलेल्या नवऱ्यावर आल्यावर गाडी एकदम डांबरी रस्त्याला लागली. दुःखात माणसाचं इंग्रजी सुधारतं का?"

"माझं तर मराठीसुद्धा बिघडतं," काका म्हणाले.

"मग झालं तर. तिरकं विचारलं तेही तिला पाठ. रंग पाठ, बर्फ पाठ. मी स्वतःच्या घराचं दार कसलं आहे ते विचार करून सांगीन."

काका थोडा वेळ दारात उभे राहिले. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि गाळणी चुकल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सही केली.

गाळणी तिच्या थोरल्या बहिणीबरोबर राहायची. ताई विधवा, ही बिनलग्नाची. ताई मोठ्या इस्पितळात सिस्टर होती, एका वॉर्डाचा कारभार तिच्या हाती होता. दोघींचं चांगलं जमायचं, कारण ताई परीक्षेबद्दल विचारायची नाही आणि ही पेशंटबद्दल. पण निकाल लागले त्याच्या पुढच्या रविवारी सुट्टी असूनही ताईचं तोंड उतरलेलं होतं. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना ती एकदम म्हणाली,

"विचारू नये, पण आमची एक पोर तुमच्या परीक्षेत आपटली. मला फार वाईट वाटतंय गं. मीच तिला म्हटलं होतं, दुसरं काही सांगायला जाऊ नकोस, त्या शीतगृहाचंच सांग. तेवढं एकच तुला इंग्रजीत धड सांगता येतं."

गाळणीच्या हातात चादरीची दुसरी बाजू होती. ती तशीच राहिली.

"कुठल्या क्लासला जायची ती?"

"क्लास कसला? तिला कुठली सवड? कंपनी परदेशी होती ना, चौकशी सगळी इंग्रजीत झाली. कंपनीचं म्हणणं, हा माणूस कोपऱ्यात खोक्यांवर जाऊन झोपला आणि झोपेत गेला. आतून दार उघडायचा दांडा चालू होता, याला बाहेर पडायचंच नव्हतं. आणि दार उघडलं तेव्हा तिथे परकं माणूस असं ही एकटीच. बाकी सगळे कंपनीचे नोकर. मग काय, हिलाच धरलं. त्यांचा वकील एकेका शब्दावर अडून बसायचा. आधी 'निअर' म्हणालात, आता 'अगेन्स्ट' म्हणता. 'बाय' म्हणजे किती लांब? 'इन' की 'ऑन'? दाराचा रंग काय? हातात काय होतं? दरवेळी नव्यानं. एक शब्द हलला की ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या तारखेला तिच्याच तोंडावर मारायचे. शेवटी हिच्या वकिलीणबाईंनी तिला जिन्यात उभं करून ते शब्द पाठ करून घेतले. औषधांचे डोस पाठ करावेत तसे तिनं केले. ड्रेसिंग करतानासुद्धा पुटपुटत असायची. पण जिंकली. तो दार ढकलत होता, असं निकालात लिहून घेतलंन तिनं."

गाळणीला आधी लाज वाटली नाही, राग आला. ताईचा आला, की हिला नसते सल्ले द्यायला कुणी सांगितलं होतं. नर्सचा आला, की बाई, निदान एकदा तरी आवंढा गिळायचास. मग त्या क्लासवाल्या सरांचा आला, जे या प्रकरणात मुळात नव्हतेच. एवढं सगळं येऊन गेल्यावर लाज आली, आणि ती मात्र जायला तयार होईना.

"मीच घेतली ती परीक्षा," ती म्हणाली. "पाठ केलंय म्हणून गुण अडवले."

ताईनं तिच्या हातातली चादरीची टोकं काढून घेतली आणि घडी पुरी केली.

"पाठ होतंच ना," ताई म्हणाली. "कुणी करायला लावलं, त्याला तुमच्या कागदावर जागा नाही एवढंच."

दुसऱ्या दिवशी गाळणीनं मुख्य ऑफिसला स्वतःच्या विरुद्ध पत्र लिहिलं. माझा निर्णय चुकला, बहिणीच्या वॉर्डातली बाई आहे, तिच्याकडूनच कळलं, उत्तर पाठ असलं तरी उसनं नव्हतं, फेरतपासणी करावी. तिला वाटलं होतं, परीक्षकच चूक कबूल करतोय म्हटल्यावर अडचण कसली. उत्तर अगदी शिस्तीत आलं. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आहे. पहिला भाग आणि हे उत्तर यांतली तफावत उघड आहे. दोन परीक्षकांचं एकमत होतं. घटना खरी की खोटी हा परीक्षेचा विषय नाही. संबंधित परीक्षकांचा आजवरचा लौकिक पाहता त्यांचा मूळ निर्णयच ग्राह्य धरण्यात येत आहे. आणि उमेदवाराशी घरगुती ओळख निघाल्यामुळे पुढच्या खेपेला त्यांनी ही परीक्षा घेऊ नये.

"तुझ्याच नावानं तुला हरवलं," काका म्हणाले. सही आपणही केली होती हे ते बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला.

नर्सची जागा जायच्या आत परीक्षेची आणखी एकच तारीख होती. उमेदवाराला परीक्षकानं खाजगीत भेटणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. गाळणी भेटायला गेली. ताईनं तिला इस्पितळाच्या मागचा जिना दाखवला आणि स्वतः खालीच थांबली.

खोली एका खाटेची होती. खिडकीच्या गजाला युनिफॉर्म वाळत घातलेला, स्टुलावर इस्त्री, भिंतीला टेकवलेला फोन चार्जिंगला. नर्सनं तिला ओळखलं. खाटेवरची घडी उचलून तिला बसायला जागा केली.

"माझं चुकलं," गाळणी म्हणाली.

"हो," नर्स म्हणाली. "ताईंनी सांगितलं."

नर्स भांडली असती तर गाळणीला बरं वाटलं असतं. भांडण कसं झेलायचं हे तिला ठाऊक होतं.

"पुढच्या वेळी दुसरं काहीतरी सांगा," ती शेवटी म्हणाली. "वॉर्डातलं. एखाद्या पेशंटचं."

"बघितलं करून. ताईंसमोर. दोन वाक्यांत संपतं. मला बाकीचं इंग्रजी येत नाही हो. जेवढं येतं ते त्या दारापाशीच येतं." नर्स तिच्याकडे बघत होती. "तुम्ही एवढं करा. त्यातच कुठे चुकू ते सांगा."

"म्हणजे?"

"तुम्हाला ते फार बरोबर वाटलं म्हणून मी नापास झाले ना? मग किती चुकलं म्हणजे खरं वाटेल, ते सांगा. तुम्हाला माहीत असणार. तुमचं कामच ते."

गाळणीला उठून जावंसं वाटलं. पण तिला खरंच माहीत होतं, आणि त्या खोलीत तिच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग तिनं शिकवायला सुरुवात केली. रंग आपण होऊन सांगू नका, विचारलं तर आठवल्यासारखं करा. 'ऑन द इनसाइड' नको, नुसतं 'इनसाइड' म्हणा, अडखळत म्हणा. मुलीचं सांगताना 'बाय द हँड' फार सफाईदार होतं, 'हर हँड इन माय हँड' म्हणा, तसंच म्हणतात आपल्याकडे. नर्स एकेक शब्द काढत गेली, दुसरा घालत गेली. ड्रेसिंग बदलण्याइतक्या शांतपणे ती हे करत होती. पण एवढं करूनही गोष्ट अजून घोटीव वाटत होती. का वाटते हे गाळणीला कळत होतं. सांगायला तिची जीभ रेटेना.

"तो 'अगेन्स्ट'," ती म्हणाली. "कान पहिल्यांदा तिथेच लागतो. तिथे आपलं माणूस 'निअर' म्हणतं."

नर्सचे हात मांडीवर थांबले.

"निअर नाही म्हणणार."

"एकच शब्द आहे."

"त्यांनाही एकच हवा होता." ती मोठ्यानं बोलली नाही. "निअर म्हटलं की तो दाराच्या आसपास कुठेतरी होता. पोचला की नाही कोण जाणे. ढकलत होता की बसला होता, कोण जाणे. त्यांचा वकील स्वतः पाणी पुढे करायचा. निअर म्हणा ना, बाई, म्हणजे तुम्हालाही घरी जाता येईल. मला कळायचं, हा शब्द दिला की माझा नवरा कोपऱ्यात जाऊन झोपला. त्याचं सगळं अंग दाराला लागलेलं होतं हो. गाल लागलेला होता. मी तेवढं एकच धरून बसले. त्यापायी पोरीला लांब पाठवलं. तारखांना जायला लागायचं, तिला ठेवणार कुणाकडे?"

गाळणीला रडू आलं, आणि या खोलीत रडायचा हक्क आपला नाही हेही कळलं, म्हणून ती खिडकीकडे बघत बसली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर एक मुलगी आली, समोरचे दोन दात पडलेली. इंग्रजीत भरभर काहीतरी सांगत सुटली, शाळेचं, कुणाच्या तरी कुत्र्याचं. तिची चिल्लर सगळी जागच्या जागी होती, कुणी न शिकवता. नर्स 'येस, बाळा, येस' म्हणत होती. अर्धं तिला कळत नव्हतं, हे गाळणीला बाजूनं दिसत होतं. मध्येच मुलगी मराठीत म्हणाली, "आई, तू येतो कधी?" आणि नर्सनं तिला सुधारलं नाही. "लवकर," ती म्हणाली. मुलीला तो शब्द कळला नाही. तिनं "व्हॉट?" विचारलं, आणि मग मागून कुणीतरी हाक मारली तशी फोन ठेवून दिला.

नर्सनं फोन पुन्हा भिंतीला टेकवला. मग पाठ ताठ केली, पंजे गुडघ्यांवर ठेवले आणि पहिल्यापासून सांगायला लागली. नवरा, रात्रपाळी, सकाळ, किल्ली. अडखळली, 'इन' म्हणून 'ॲट' म्हणाली, परत फिरली. दार उघडलं.

"ही वॉज," ती म्हणाली. "ही वॉज निअर. निअर टू द डोअर."

गाळणीचा कान तिला न विचारता चालूच होता. त्या कानाला कुठे खोट सापडली नाही. अनैसर्गिक, अर्धवट, अगदी घरचं वाक्य. या वाक्याला तिनं स्वतः डोळे मिटून गुण दिले असते.

"आता खरं वाटलं?" नर्सनं विचारलं.

"हो."

"परत म्हणते. पक्कं व्हायला पाहिजे."

ती परत म्हणाली, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते जरा सरळ यायला लागलं, आणि गाळणीच्या तोंडून निघून गेलं, "निअरच्या आधी थोडं थांबा. आठवताय असं वाटेल." नर्सनं मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ती पास झाली. रेकॉर्डिंग काकांकडेच आलं होतं. पहिल्या परीक्षकाचा शेरा त्यांनी गाळणीला वाचून दाखवला, 'भाषा साधी, चुका आहेत, परंतु कथन प्रामाणिक व उत्स्फूर्त.' नर्स वेळेत गेली, वृद्धाश्रमात रुजू झाली. गाळणीनं तोंडी परीक्षा सोडून लेखीचे पेपर मागून घेतले. ऑफिसात म्हणाले, हिला कंटाळा आला असेल.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी ताई इस्पितळातून आली आणि पिशवी खाली ठेवत म्हणाली, "आज फोन आला होता तिचा. बरी आहे. पोर रात्री तिच्याजवळच झोपते म्हणाली."

"बरं झालं."

"पोरीला त्या सकाळचं काही आठवत नाही गं. फारच लहान होती. आता विचारत असते, बाबा कसे गेले, कुठे होते. मराठी तिला पुरत नाही, त्यामुळे हिला इंग्रजीतच सांगावं लागतं."

गाळणी भाजी निवडत होती. "काय सांगितलं तिनं?"

"निअर टू द डोअर," ताई म्हणाली. "म्हणाली, खूप प्रयत्न करते, पण आता दुसरं काही तोंडात येतच नाही." आणि ती हात धुवायला आत गेली.